पडद्यामागचा हमाल

१

देवाचा जो फोटो कुणी पाहायचा नाही, तो सकाळपासून सगळा गाव मोबाईलवर पाहत होता, आणि पाहून झाल्यावर संतापत होता.

उर्वी मला हे सांगायला आली तेव्हा मी क्लासचं कुलूप उघडत होते. रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ माझा कॉम्प्युटरचा क्लास आहे. उर्वी माझी जुनी विद्यार्थिनी. आता राम आळीत श्रीपतींच्या फोटो स्टुडिओत काम करते. एरवी बडबडी पोर, पण आज पाण्याचा ग्लास हातात धरून नुसती उभी. मला मुळात स्वस्थ बसवत नाही, त्यात समोरचं माणूस असं खांबासारखं उभं राहिलं की माझे पाय आपोआप चालू लागतात. ती बोलत होती आणि मी बाकांमधून येरझाऱ्या घालत ऐकत होते.

तिचं गाव पालीच्या पुढे. नाव सांगत नाही, गावकरी आधीच चिडलेले आहेत. शिमग्यात तिथल्या देवाची चांदीची रूपं, म्हणजे मुखवटे, पेटीतून काढून पालखीला लावतात. लावण्याआधीची उघडी रूपं मानकऱ्यांशिवाय कुणी बघायची नाहीत असा दंडक. पण शेजारच्या एका गावात देवाची चांदी चोरीला गेली, तेव्हापासून मानकऱ्यांनी एक पळवाट काढली होती. दर वर्षी रूपांचा एकच फोटो काढायचा आणि त्याची एकच प्रत पेटीत ठेवायची, म्हणजे पुढल्या वर्षी ताडून बघता येतं. हे काम विश्वासानं श्रीपतींकडे. आणि तोच फोटो आज मुंबईतल्या कुणाकडून कुणाकडे फिरत फिरत गावाच्या ग्रुपवर येऊन पडला होता. पहिला कुणी पाठवला ते कुणालाच सांगता येईना.

"शेजारच्या दुकानातला विनोद म्हणतो, मी स्टुडिओच्या कॉम्प्युटरवर चोर प्रोग्रॅम चालवला आणि त्यानं कॅमेऱ्यातून फोटो ओढला," उर्वी म्हणाली. "संध्याकाळी देवळात बैठक आहे. श्रीपतीकाका माझं नाव सांगणार. मग उद्या पालखी आमच्या दारात यायची नाही, मॅडम. बाबा तेवढ्यासाठी मुंबईहून निघालेत. आई तर आठवडाभर दुसरं काही बोलतच नाहीये."

असं कुणाला वाळीत टाकायला कायद्यानं बंदी आहे, हे मी तिला ऐकवलं.

"पोलीस येतील का आमच्या अंगणात पालखी नाचवायला?"

"तू केलंस का?" मी सरळच विचारलं.

"नाही." मग ती जराशी अडखळली. "पण विनोद अगदीच खोटं सांगत नाहीये. असा प्रोग्रॅम आहे, तो चालू आहे, आणि फोटोही त्याच्याच फोल्डरमध्ये आहे. मी माझ्या डोळ्यांनी पाहिला."

२

"हा बघा चोर," विनोदनं पडद्यावर बोट ठेवलं.

विनोदचं स्टुडिओला लागूनच मोबाईल दुरुस्तीचं दुकान, आणि श्रीपतींचा कॉम्प्युटरही तोच सांभाळतो. तो उर्वीच्याच गावचा. मुख्य मानकरी आत्माराम त्याचे सख्खे काका. बोलताना त्याच्या खिशातला फोन सारखा थरथरत होता. तो बघायचा, बंद करायचा आणि पुन्हा बोलायला लागायचा.

"मुंबईहून आहे. बाबा हॉस्पिटलात आहेत," तो मी न विचारताच म्हणाला.

त्यानं टास्क मॅनेजर उघडून ठेवला होता. चालू कामांच्या यादीत एक नाव होतं: कॅमेऱ्याच्या कंपनीच्या नावातली पहिली काही अक्षरं आणि पुढे 'मॉनिटर'. त्याची खिडकी कुठे दिसत नव्हती, खाली कोपऱ्यात चिन्हही नव्हतं. कॉम्प्युटर सुरू झाला की हा गुपचूप उठून बसतो आणि बंद होईपर्यंत बसून राहतो.

"नावातच आहे, मॉनिटर. म्हणजे नजर ठेवणारा," विनोद म्हणाला.

श्रीपती काउंटरमागे डोकं धरून बसले होते. "राजश्रीताई, पोर चांगली आहे हो. पण मी देवासमोर शब्द दिलाय. संध्याकाळी मी सांगू तरी काय?"

मी त्यांना म्हटलं, आधी या मॉनिटरची चौकशी करू, मग पोरीची. कुठल्याही कॉम्प्युटरमध्ये अशी कितीतरी कामं पडद्यामागे चालू असतात, ती दिसत नाहीत म्हणून चोर ठरत नाहीत. पण नावावर विश्वासही ठेवायचा नाही, कारण चोरही पोस्टमनचा शर्ट घालून येऊ शकतो. मी त्या नावावर उजवं क्लिक केलं आणि फाइल कुठे राहते ते उघडलं. ती कुठल्या आडबाजूच्या फोल्डरमध्ये लपलेली नव्हती, कॅमेरा कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या घरातच होती. मग तिची डिजिटल सही तपासली. सही कंपनीचीच आणि वैध. फाइलमध्ये कुणी जराशी जरी ढवळाढवळ केली असती तरी ती सही मोडली असती. शेवटी इंटरनेटवर कोण काय पाठवतंय ती यादी बराच वेळ उघडी ठेवली. बाकी सगळ्यांची ये-जा चालली होती, हा मात्र ढिम्म.

"हा चोर नाही," मी म्हटलं. "हा हमाल आहे. कॅमेरा केबलनं जोडला की उठायचं, त्यातले नवे फोटो उचलून कॉम्प्युटरवर आणून ठेवायचे आणि पुन्हा झोपायचं. मुंबईला पाठवणं याला जमत नाही. श्रीपतीभाऊ, हे सॉफ्टवेअर टाकलं कुणी?"

श्रीपतींनी मान वर केली. "विनोदनंच की. कॅमेरा घेतला तेव्हा."

उर्वीनं झटक्यात विनोदकडे पाहिलं.

३

विनोदला घाम फुटेल अशी माझी अपेक्षा होती, पण घाम तर त्याला आधीच आलेला होता. मार्चचा उकाडा, आणि दुकानातला पंखा फिरतोय की नाही ते बघायला मान वर करावी लागत होती.

"टाकलं मी. वापरलंन तिनं," तो म्हणाला. "हमाल म्हणा नाहीतर काही म्हणा, फोटो इथे आणून ठेवलाय ना त्यानं?"

त्यानं फोल्डर उघडला. हा प्रोग्रॅम ज्या दिवशीचे फोटो, त्या तारखेचा फोल्डर करतो. देवळातल्या दिवसाचा फोल्डर होता, आणि त्यात रूपांचा फोटो. एकच. उर्वी आणि श्रीपती दोघांनीही नजर दुसरीकडे वळवली. मी दुसऱ्या गावची, खेडशीची, माझा तो देव नव्हे, पण मलाही टक लावून बघायला संकोच वाटला.

"केबल कोण लावतं?" मी विचारलं.

"कुणीच नाही. आमी कार्ड काढून रीडरमध्ये घालतो," श्रीपती म्हणाले.

"मी लावली होती," उर्वी हळूच म्हणाली. "गेल्या आठवड्यात, देवळातल्या फोटोच्या आधी. शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो होते, तेव्हा रीडर चालत नव्हता. फोटो आले, ते मी शाळेच्या नावानं दुसरीकडे हलवले. त्यानंतर नाही लावली."

"ऐकलंत?" विनोद म्हणाला. "केबल तिला माहीत आहे. देवळातून आल्यावर कॅमेरा दुसऱ्या दिवशी हिच्याच ताब्यात होता."

पोरीचा चेहरा उतरला. खरं बोलून माणूस कसा खड्ड्यात जातो ते मी समोर बघत होते, आणि मला विनोदचा रागच आला. पण रागावून पुरावा मिळत नाही. मी दुकानाच्या दारापर्यंत जाऊन परत आले आणि श्रीपतींना म्हटलं, त्या दिवशी देवळात काय काय झालं ते पहिल्यापासून सांगा, गाळू नका.

"रूपं चिंचेनं घासून, धुऊन पाटावर मांडली होती. अगदी लख्ख. मी फोटो काढला. बॅगेतला छोटा प्रिंटर कॅमेऱ्यालाच जोडून तिथेच एक प्रत काढली आणि सगळ्या मानकऱ्यांसमोर कॅमेऱ्यातला फोटो पुसला. आत्मारामकाकांनी प्रतीला कुंकू लावलंनी आणि म्हणाले, पेटीत मी ठेवतो. किल्ली त्यांच्याकडेच असते. मग मी बाहेर येऊन मानकऱ्यांचे, ढोलवाल्यांचे फोटो काढले. ते अजून कॅमेऱ्यातच आहेत, उतरवायला सवड कुठे झाली?"

"शाळेचे?"

"तेही आहेत. कार्ड मोठं आहे, मी लगेच पुसत नाही."

मी चालायची थांबले. उर्वी नंतर सांगत होती, मी थांबले की क्लासमधली मुलं घाबरायची.

"कॅमेरा आणा," मी म्हटलं. "आणि केबल."

४

जोडायच्या आधी मी त्या फोल्डरची जशीच्या तशी एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून श्रीपतींच्या हातात दिली. उद्या कुणी म्हणायला नको की बाईंनी घोळ घातला.

"आता नीट ऐका," मी तिघांना सांगितलं. "या हमालाला एक सवय आहे. एकदा आणलेला फोटो तो पुन्हा आणत नाही. कॉम्प्युटरवरून तुम्ही तो हलवा, पुसा, त्याला फरक पडत नाही. आणल्याची आठवण त्याच्याजवळ राहते. विनोद, हे तुला माहीत असेलच."

विनोदनं पुन्हा फोन बघून बंद केला.

"कार्डात दोन प्रकारचे फोटो आहेत. शाळेचे, जे उर्वीनं केबल लावून आणले आणि मग हलवले. आणि देवळाबाहेरचे. देवळाच्या दिवसानंतर जर कुणी केबल लावली असेल, तर हमालानं रूपांचा एकटाच फोटो उचलला नसता. त्याला निवड करता येत नाही. ढोलवाल्यांसकट सगळं उचलून आणलं असतं."

"बाकीचे तिनं नंतर पुसलेन असतील," विनोद म्हणाला.

"असतील. तर मग आज तो देवळाबाहेरचे फोटो पुन्हा आणणार नाही. म्हणेल, नवं काही नाही. आणि आजच जर ते पहिल्यांदा आणलेन, तर त्या दिवसापासून आजपर्यंत या कॅमेऱ्याला कुणीही केबल लावलेली नाही."

उर्वीनं केबल माझ्या हातात दिली. मी ती बसवली, कॅमेरा सुरू केला. पडदा तसाच. श्रीपती पुटपुटायला लागले. मला वाटलं, आपण फार ऐटीत बोललो, आता सॉफ्टवेअर आपलीच जिरवणार.

मग इतका वेळ न दिसणारी खिडकी उघडली आणि फोटो एकामागून एक येऊ लागले. फेटेवाले मानकरी. ढोल. आंब्याखाली बसलेल्या बायका. देवळाच्या दिवसाचा फोल्डर भरत गेला. शाळेचं एकही पोर त्यात आलं नाही, म्हणजे हमालाची आठवण शाबूत होती.

"लावलीच नव्हती!" श्रीपती ओरडले. "केबल लावलीच नव्हती हिनं!"

उर्वी मटकन स्टुलावर बसली आणि रडायला लागली. पण माझं समाधान झालं नव्हतं. फोटो केबलनं आला नाही, मग फोल्डरमध्ये आला कुठून?

५

"पुसलेला फोटो कार्डातून परत काढता येतो," विनोद घाईघाईनं म्हणाला. "त्याची सॉफ्टवेअर मिळतात."

मुलगा हुशार होता, हे कबूल करायला हवं. मी त्या एकट्या फोटोची माहिती उघडली आणि शेजारी ढोलवाल्यांपैकी एका फोटोची. ढोलवाल्यांच्या फोटोत सगळं होतं: कॅमेऱ्याचं नाव, भिंगाची माहिती. रूपांच्या फोटोत कॅमेऱ्याची जागा रिकामी, आणि आकारही चिमुकला. मोबाईलवरून मोबाईलवर फिरलेले फोटो असेच होतात. कार्डातून काढलेला असता तर कॅमेऱ्याचं नाव सोबत आलं असतं.

"ग्रुपवरचाच उतरवून इथे हातानं ठेवलाय," मी म्हटलं. "पण मुळात तो मोबाईलवर आला कसा, ते सांगते. श्रीपतीभाऊ, नाइलाज आहे, एकदा इकडे बघा."

मी फोटो मोठा केला. खालच्या कडेला लाल ठिपका होता. सकाळपासून सगळ्या गावानं तो पाहिला असणार आणि देवाचं कुंकू म्हणून सोडून दिला असणार.

श्रीपती पुढे झुकले. "छे! हे कसं? रूपं पालखीला लावल्याशिवाय देवाला कुंकू लागत नाही. मी काढला तेव्हा पाटावर लाल काही नव्हतंच."

"मग कुंकू कशाला लागलं होतं?"

"प्रतीला," श्रीपती म्हणाले.

ठिपक्याच्या खाली नीट पाहिलं तर कागदाची पांढरी किनारही जराशी दिसत होती. हा देवाचा फोटो नव्हता, देवाच्या फोटोचा फोटो होता. कुंकू लावल्यानंतर मोबाईलवर काढलेला. आणि कुंकू लावल्यापासून ती प्रत एकाच माणसाच्या हातात होती.

विनोदचा फोन पुन्हा थरथरला. या वेळी त्यानं तो बंद केला नाही, उचललाही नाही. पडद्यावर 'बाबा' असं नाव होतं.

"त्यांनी मागितला होता ना?" मी विचारलं.

"उभा जन्म पालखीला खांदा दिलेला माणूस, मॅडम. नाकात नळी घालून पडलाय," विनोद म्हणाला. "काकांनी त्यांना एकट्याला पाठवलानी. बाबांनी शेजारच्या खाटेवरच्याला दाखवलानी, कुणीतरी त्यांच्या फोनमधून घेतलान, पुढे गेला. सकाळी ग्रुपवर बघितला नि मीच तो इथे आणून ठेवला. काकांचा मान गेला असता. बाबा तर ऐकूनच..."

"आणि माझं काय झालं असतं?" उर्वीनं विचारलं. ती आता रडत नव्हती.

विनोदनं फोन उलटा करून काउंटरवर ठेवला.

"काकांना माहीत आहे, तू माझ्यावर ढकललंस ते?"

"नाही."

श्रीपतींनी घड्याळाकडे बघितलं आणि दुकानाचं शटर ओढायला उठले. बैठकीची वेळ होत आली होती.

६

विनोदसकट आम्ही चौघं गाडीनं पालीकडे निघालो. मला राहून राहून वाटत होतं, आत्मारामकाका कबूल झाले नाहीत तर? ठिपका आणि केबल गावाला कोण समजावणार? पांढऱ्या किनारीवरून देवळातली बैठक उलटत नाही.

सभामंडपात गाव जमला होता. पुरुष एका अंगाला, बायका दुसऱ्या. उर्वीची आई तुळसा खांबाला टेकून उभी होती, कुणी तिच्याजवळ उभं नव्हतं. आम्ही पायरी चढलो तशी कुजबुज वाढली. मी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात विनोद सरळ काकांपुढे जाऊन उभा राहिला.

"काका, यांना कळलाय सगळा. मी उर्वीचं नाव घातलं होतं. खोटं होतं ते."

आत्माराम उंच, काटक म्हातारा. पुतण्याकडे बघताना त्यांना प्रथम काही उमगेना. मग उमगलं.

"पोरीचं नाव?" ते म्हणाले. "माझ्यापायी?" आणि गावाकडे वळले. "मी काढलाय फोटो. मीच पाठवला. माझा भाऊ बाबल्या रडाय लागला फोनवर, म्हणाला, दादा, आता मी काय येत नाय, एकदा देव दाखव. मला नाय म्हणवलं नाय. सकाळपासून तोंड शिवून बसलो, ती चूक माझी. पोरीचा काय संबंध नाय."

मंडपात गलका उसळला. श्रीपतींनी मोकळा श्वास सोडला, आणि खरं सांगायचं तर मीही. पण एका मानकऱ्यानं हात वर केला.

"दंडक तो दंडक. आत्मारामानं मोडलान. मग औंदा पालखी त्याच्या दारात नाय."

पुष्कळ माना हलल्या. सकाळपासून शिक्षा द्यायची म्हणून आलेली माणसं, ती रिकाम्या हातानं घरी कशी जाणार? विनोद खाली बघत उभा होता. मला वाईट वाटलं, पण मी बाहेरची.

"तुळसे, तुज्याकडं मात्र येणार हां पालखी," तोच मानकरी मोठ्या मनानं म्हणाला. "सगळ्यांच्या आधी आणू."

तुळसा खांबापासून पुढे आली. "नको."

"काय नको?"

"त्यांच्या दारात नाय तर माज्याबी दारात नको. सकाळपासून माज्या घराकडं बघत नव्हतात तुमी. वाटेनं जाताना तोंड फिरवलंत. काय वाटतं त्या दारातल्या माणसाला, ता आज मला कळलाय. दुसऱ्या कुणाला ता वाटाय नको."

"आई!" उर्वी ओरडली. "बाबा निघालेत मुंबईहून!"

"येतील. त्यांना सांगन मी."

ज्या पोरीवर गावानं खोटा आळ घेतला, तिच्या घरी पालखी गेली नाही, हे आता साऱ्या मुंबईभर कळणार होतं. मानकरी इकडे तिकडे बघायला लागला, कुणीच त्याच्याकडे बघेना. शेवटी एक म्हातारा गुरव म्हणाला, "देव पेटीतनं निघालाय तो लोकांच्या दारात जायालाच ना? मग जाऊ दे की सगळ्यांच्या." आणि एवढं पुरे झालं. बैठक मोडली तेव्हा कुणी ठराव केला नाही, पण उद्या कुठलं घर पहिलं आणि कुठलं शेवटचं यावर नेहमीसारखी भांडणं सुरू झाली होती. आत्माराम तुळसेजवळ गेले, हात जोडले आणि तसेच उभे राहिले. तिनं त्यांचे हात खाली केले.

मी चपला शोधत होते तेव्हा विनोद देवळाच्या पायरीवर उर्वीला गाठायला आला. अडखळत तो तिची माफी मागत होता. सकाळी याच मुलाला चार लोकांत झापायचं मी ठरवलं होतं, आता तेवढा जोर राहिला नव्हता. वाटलं, आईचीच लेक, ही पण सोडून देईल.

उर्वीनं त्याचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं.

"पालखी तुमच्या दारात येऊ दे," ती म्हणाली. "तू माझ्या दारात येऊ नकोस."